वाढत्या स्फटिकाचा फोटो: स्लाइडपासून शटरपर्यंत

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्याची स्क्रीन पूर्ण काळी. दहा मिनिटं झाली तरी काही घडत नाही, म्हणून आपण पाणी प्यायला उठतो. परत येऊन बघतो तर सगळं उरकलेलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत स्फटिकांचे निळे-केशरी पंखे पसरून गप्प बसलेले. स्फटिकांच्या फोटोंच्या नादाला लागलेल्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते, माझीही झाली. सुकून तयार झालेल्या स्फटिकाचा फोटो काढणं सोपं आहे, तो कुठे पळून जात नाही. वाढता स्फटिक पकडायचा तर तो कुठून, कधी आणि किती वेगानं येणार हे आधी आपल्या ताब्यात यायला हवं. ते कॅमेऱ्यानं येत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेच्या स्लाइडनं येतं. नवखी मंडळी कॅमेऱ्यावर डोकं खपवतात आणि स्लाइड दोन मिनिटांत उरकतात. माझ्या मते हे नेमकं उलट व्हायला हवं, म्हणून इथे कॅमेऱ्यापेक्षा स्लाइडबद्दलच जास्त बोलणार आहे.

काळोख कशामुळे, रंग कशामुळे

साध्या प्रकाशाची कंपनं सगळ्या दिशांना होत असतात. ध्रुवण फिल्टर, म्हणजे पोलरायझर, त्यातली एकाच दिशेची कंपनं पुढे सोडतो. त्याच्यापुढे दुसरा फिल्टर काटकोनात धरला की तीही अडतात आणि अंधार होतो. या दुसऱ्या फिल्टरला ॲनालायझर म्हणतात. दोघांच्या मध्ये काच, पाणी किंवा वितळलेला द्रव असला तरी अंधार कायम राहतो. स्फटिक आला की मात्र चित्र पालटतं. बहुतेक स्फटिक आत शिरलेल्या प्रकाशाचे दोन भाग करतात आणि त्यातला एक भाग दुसऱ्याच्या मागे पडतो. याला दुहेरी अपवर्तन म्हणतात. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिननं १६६९ मध्ये आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटच्या खड्यातून एकाच्या दोन प्रतिमा दिसतात हे नोंदवलं, ती हीच गोष्ट. हे दोन भाग ॲनालायझरमध्ये पुन्हा एकत्र येतात तेव्हा काही रंग एकमेकांना मारतात. उरलेले आपल्याला दिसतात.

मागे पडण्याचं अंतर दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतं: स्फटिकाची जाडी आणि त्याच्या दोन अपवर्तनांकांमधला (प्रकाश आत किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्यांमधला) फरक. युरियामध्ये हा फरक जास्तीत जास्त ०.१२ च्या आसपास असतो. तेव्हा युरियाचा थर २ मायक्रोमीटर जाड असेल तर हे अंतर २४० नॅनोमीटर येतं, आणि स्फटिक नुसता पांढरट दिसतो. थर ५ मायक्रोमीटरचा झाला की अंतर ६०० नॅनोमीटर होतं आणि गडद निळा उमटतो. २० मायक्रोमीटरला ते २४०० वर जातं. मग रंग एकमेकांवर चढून फिके गुलाबी-हिरवट होतात. स्फटिक कोणत्या अंगानं पडलाय यावरही हा फरक कमी-जास्त होतो, पण मुद्दा कळला असेल. रंग हवे असतील तर पातळ थर हवा, आणि तो किती पातळ हे स्लाइड करताना ठरतं. नंतर संगणकावर कितीही घासलं तरी फिक्या गुलाबीचा गडद निळा होत नाही.

मीठ आणि तुरटी यांचे स्फटिक घन (क्यूबिक) वर्गातले. ते प्रकाशाचे दोन भाग करत नाहीत, त्यामुळे ते काळेच राहतात. पहिला प्रयोग मिठावर करून ‘फिल्टर खराब आहे’ असं ठरवणारे मी पाहिलेत. फिल्टर ठीक असतो, मीठ चुकीचं असतं.

फिल्टर बसवणं

खास ध्रुवण सूक्ष्मदर्शक असला तर उत्तमच. पण शाळेतल्यासारखा साधा सूक्ष्मदर्शक आणि रेषीय ध्रुवण फिल्मचे दोन तुकडे एवढ्यावरही काम होतं. पहिला तुकडा दिव्यावर किंवा कंडेन्सरच्या (स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाच्या) खाली ठेवा. दुसऱ्याची योग्य जागा ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) आणि आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) यांच्यामध्ये आहे. वरचं डोकं स्क्रूनं सुटत असेल तर त्याच्या तोंडावर फिल्मची गोल चकती बसते. ते जमत नसेल तर आयपीसवर ठेवा. चित्र किंचित मऊ येईल, पण येईल.

कॅमेऱ्याचे गोल फिरणारे ध्रुवण फिल्टरही चालतात, फक्त त्यात एक मेख आहे. बाजारात मिळणारे बहुतेक फिल्टर वर्तुळाकार ध्रुवणाचे असतात. त्यांच्या पुढच्या बाजूला रेषीय ध्रुवक असतो, आणि लेन्सकडच्या आट्यांच्या बाजूला आणखी एक थर असतो जो ते ध्रुवण पुन्हा फिरवून टाकतो. त्यामुळे दोन्ही फिल्टर पुढचं तोंड स्फटिकाकडे करून बसवावे लागतात. म्हणजे खालचा फिल्टर उलटा: आट्या दिव्याकडे, तोंड वर. हातात दोन फिल्टर तोंडाला तोंड लावून फिरवून बघा. एका जागी जवळपास पूर्ण काळोख झाला की समजा बरोबर धरलेत.

आता रिकामी स्लाइड ठेवून वरचा फिल्टर फिरवा आणि सगळ्यात काळी जागा शोधा. पूर्ण काळं होत नसेल आणि राखाडी धुकं राहत असेल, तर दिव्यापासून वर एकेक गोष्ट तपासत जा. मध्ये कुठे प्लॅस्टिक आहे का? ताण बसलेलं प्लॅस्टिक स्वतःच रंग दाखवतं. स्लाइड काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. स्वस्त ऑब्जेक्टिव्हच्या काचेतही कधी कधी ताण असतो. त्याला इलाज नाही, दुसरी ऑब्जेक्टिव्ह लावून बघायची.

(जाता जाता: एडविन लँडनं १९२९ मध्ये पेटंट मागितलेल्या पहिल्या ध्रुवण फिल्ममध्ये हेरापॅथाइट नावाच्या क्विनीनच्या संयुगाचे असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेनं लावलेले होते. म्हणजे स्फटिक बघायला वापरलेला फिल्टरही एके काळी स्फटिकांचाच होता.)

कोणता पदार्थ घ्यायचा

पहिल्या महिन्यात चारच पदार्थ पुरेत. क जीवनसत्त्व, म्हणजे शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडची पूड. युरिया. सायट्रिक ॲसिड. आणि मेंथॉल. औषधाच्या गोळ्या कुटून घेऊ नका. त्यात मूळ औषधापेक्षा भरच जास्त असू शकते. एकदा मी अशाच गोळीच्या द्रावणात शेकडो चमकते ठिपके बघून हरखून गेले. प्रत्येकावर काळी फुली. ते स्टार्चचे कण निघाले, गोळी बांधायला घातलेले. सुंदर होते, पण ते काही वाढत नव्हते.

मोरचूद वगैरे विषारी क्षारांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. जे वापराल त्यासाठी चमचा, वाटी, ड्रॉपर वेगळे ठेवा, ते परत स्वयंपाकघरात न्यायचे नाहीत. तापवताना डोळ्यांवर चष्मा आणि खिडकी उघडी.

द्रावणातून: क जीवनसत्त्वाचे पंखे

१ भाग पूड, १० भाग ऊर्ध्वपातित पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार सुकल्यावर आपली वेगळीच नक्षी काढतात. पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं तर पृष्ठताण उतरतो आणि थेंब गोळा न होता काचेवर पसरतो. अल्कोहोल हाताळताना जवळपास ज्योत नको.

स्लाइड साबणानं धुऊन, अल्कोहोलनं पुसून, कडेला धरा. बोटाचा एक ठसाही पुरतो, त्याच्या रेघांवर स्फटिक धरायला लागतात आणि मधोमध अंगठ्याचा नकाशा उमटतो. एक छोटा थेंब टाका आणि दुसऱ्या स्लाइडच्या कडेनं ओढून पातळ फिल्म करा. थेंब तसाच ठेवला तर तो कडेला आधी सुकतो, द्रावण कडेकडे वाहत जातं आणि जाड काठाची वाटी तयार होते. काठ जाड म्हणजे काठावर फिके रंग, आणि मध्ये काहीच नाही. फिल्म ओढली की जाडी सगळीकडे सारखी राहते, किंवा मुद्दाम एका बाजूला उतरती करता येते. मला उतरती आवडते. एकाच फोटोत पांढऱ्यापासून निळ्यापर्यंतची सगळी चढण मिळते.

पाणी उडालं तरी लगेच स्फटिक दिसत नाहीत. चिकट, पारदर्शक, अतिसंपृक्त (मावेल त्याहून जास्त पूड विरघळलेला) थर उरतो आणि तो तासन् तास तसाच बसून राहू शकतो. पाणी प्यायला उठायला लावणारा काळ तो हाच. दमट हवेत आणखी लांबतो. इथे वाट बघू नका, बीज टाका. स्वच्छ सुईचं टोक कोरड्या पुडीत बुडवून झटका. टोकावर एखादा कण राहतो. तो फिल्मच्या एका कडेला नुसता टेकवा. काही वेळानं तिथून पंखा उघडायला लागतो, आणि आता तो कुठून येणार हे आपणच ठरवलेलं असतं. बीजाची जागा आयपीसमध्ये दिसणाऱ्या वर्तुळाच्या थोडी बाहेर ठेवा, म्हणजे पंख्याची कड चौकटीत शिरताना मिळते.

पंख्यात समकेंद्री वळ्या दिसतात, पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशा. दोन पंखे एकमेकांना भिडतात ती जागा नीट बघा. दोघे एकाच वेळी सुरू झाले असतील आणि सारख्या वेगानं वाढले असतील तर मधली सीमा सरळ रेघ असते. एक आधी सुरू झाला असेल तर ती रेघ उशिरा आलेल्याला वळसा घालत वाकते. सुकलेल्या स्लाइडवरही कोण आधी आलं ते अशा रेघांवरून वाचता येतं.

वितळवून: युरिया, आणि सरावासाठी मेंथॉल

युरिया १३३ अंश सेल्सिअसला वितळतो. स्लाइडवर तांदळाच्या कणीएवढी पूड, वर कव्हरस्लिप (पातळ काच), आणि तापत्या लोखंडी पट्टीवर ठेवायचं. पूड वितळून कव्हरस्लिपखाली पसरली की लगेच उचला. जास्त वेळ ठेवलं तर युरिया विघटन पावून अमोनियाचा उग्र वास सुटतो. वास आला तर ती स्लाइड गेली असं समजा. लाकडी चिमट्यानं उचला आणि आधी कोरड्या लाकडावर ठेवा. गार लोखंडावर ठेवली की तडकते. गरम स्लाइड थेट स्टेजवर (सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड ठेवायच्या पाटावर) नेऊ नका, वाफ आणि उष्णता ऑब्जेक्टिव्हवर जाते.

इथे अडचण उलटी आहे. क जीवनसत्त्व वाट बघायला लावतं, युरिया वाट बघू देत नाही. थंड होताच सुया सपकन धावतात आणि डोळा आयपीसला लागेपर्यंत खेळ संपलेला असतो. म्हणून युरियाचाही पातळ द्रावणातून सराव करावा, किंवा मेंथॉल घ्यावं.

मेंथॉल सुमारे ४२ अंशांना वितळतं. कव्हरस्लिपखालच्या मेंथॉलला केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा बाजूला नेऊन दिली की ते वितळतं आणि निवताना पुन्हा गोठतं. तीच स्लाइड पुन्हा वितळवायची, पुन्हा बघायची. फोकस, शटर, चौकट सगळ्याचा सराव एकाच स्लाइडवर होतो. ते हळूहळू उडून जातं आणि वास डोळ्यांत चढतो, एवढाच त्रास.

सायट्रिक ॲसिड १५३ अंशांना वितळतं, पण निवल्यावर दाट काचेसारखं बसतं आणि रेंगाळत रेंगाळत स्फटिक धरतं. टाइमलॅप्ससाठी ठीक. घाईच्या माणसासाठी नाही.

ऑब्जेक्टिव्ह आणि वेग

४ पट आणि १० पट, बस. ४० पटीची ऑब्जेक्टिव्ह स्लाइडच्या इतकी जवळ येते की उघड्या फिल्मवर ती हमखास टेकते, आणि मग आम्लाचा चिकट डाग तिच्या काचेवर. मी ते एकदा करून पाहिलंय. पुसायला अर्धा तास लागला, शिवाय पुसताना ओरखडा पडला नाही ना याची धास्ती वेगळी.

आता थोडं गणित, कारण पुसट फोटोंचं बहुतेक कारण इथे सापडतं. आयपीसवर दृश्यक्षेत्राचा आकडा १८ असेल तर १० पटीखाली १.८ मिलिमीटर रुंद वर्तुळ दिसतं. स्फटिकाची कड ते २० सेकंदांत ओलांडत असेल तर तिचा वेग सेकंदाला ९० मायक्रोमीटर. शटर १/३० सेकंद ठेवलं तर फोटो निघेपर्यंत कड ३ मायक्रोमीटर सरकते. १० पटीची साधी ऑब्जेक्टिव्ह १.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा तपशील वेगळा करू शकते, म्हणजे लेन्सनं दिलेलं आपण घालवून बसलो. १/१०० ला कड १ मायक्रोमीटरहून कमी सरकते, तिथे ठीक. ४ पटीखाली लेन्सच मुळात ३.४ मायक्रोमीटरपर्यंत बघते, त्यामुळे १/३० चालून जातं. नव्या माणसानं ४ पटीवर सुरुवात करावी ती यासाठीही.

तेव्हा आधी कड किती सेकंदांत चौकट ओलांडते ते घड्याळावर मोजा, मग शटर ठरवा. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. दाणे पडलेला स्पष्ट फोटो पुसट फोटोपेक्षा बरा.

कॅमेरा

फोन आयपीसवर पट्टीनं घट्ट बसवा किंवा कॅमेरा नळीवर लावा, काहीही चालेल. सगळं मॅन्युअलवर टाका. काळ्या पडद्यावर ऑटो मोड वेडा होतो. आधी अंधार बघून उजेड वाढवतो आणि स्फटिक चौकटीत शिरला की पांढरा फटक करून टाकतो. व्हाइट बॅलन्स फिल्टर समांतर करून, उजळ पार्श्वभूमीवर एकदा ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. एक्स्पोजर आधीच्या, सुकलेल्या स्लाइडवर ठरवून ठेवा. सगळ्यात उजळ पट्ट्यात तपशील राहिला पाहिजे, काळं कितीही काळं असो.

फोकसही तसाच. काळ्या, रिकाम्या फिल्ममध्ये फोकस करायला काहीच नसतं. वरचा फिल्टर जरा वळवून उजेड येऊ द्या, फिल्मवरच्या धुळीच्या कणावर किंवा बीजाच्या कडेवर फोकस करा आणि फिल्टर परत काळोखावर आणा.

बटण बोटानं दाबू नका, टायमर किंवा रिमोट वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरला धक्का बसत नाही, पण दिवा एलईडी असेल आणि मंद केलेला असेल तर फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. अशा वेळी दिवा पूर्ण तेजावर ठेवा.

टाइमलॅप्सचा हिशेब सोपा आहे. फिल्म २० मिनिटांत भरणार असेल आणि दर ३ सेकंदांना एक फोटो घेतला तर ४०० फोटो होतात. सेकंदाला २५ फोटोंच्या हिशेबानं १६ सेकंदांचा व्हिडिओ. त्या २० मिनिटांत टेबलाला टेकून उभं राहायचं नाही, आणि खोलीतला पंखा बंद.

रंग फिरवणं

स्टेज गोल फिरत असेल तर स्फटिक फिरवा. प्रत्येक कण एका फेरीत चार वेळा विझतो आणि मधल्या ४५ अंशांवर सगळ्यात जास्त उजळतो. मधून सगळीकडे किरण फुटलेला गोल असेल तर त्यावर काळी फुली दिसते. स्लाइड कितीही फिरवली तरी ती जागची हलत नाही, कारण ती स्फटिकाची नसून दोन फिल्टरांच्या दिशांची आहे.

थर फारच पातळ राहिला आणि सगळं राखाडी-पांढरं दिसलं तर खालच्या फिल्टरच्या वर सेलोफेनचा तुकडा ४५ अंशांत ठेवून बघा. तो स्वतः प्रकाश मागे टाकतो. त्याच्या भरीमुळे राखाडी स्फटिक निळे-पिवळे होतात आणि काळी पार्श्वभूमी रंगीत होते. एक थर, दोन थर, वेगळा कोन असं करून पाहा. काही जण प्रत्येक फोटोत हे वापरतात. मला ते क्वचितच रुचतं, काळ्यातून उगवणारा रंग जास्त खरा वाटतो. पण राखाडी स्लाइड फेकण्यापेक्षा बरं.

वही

प्रत्येक स्लाइडच्या टोकाला कागदाची चिठ्ठी लावा: पदार्थ, प्रमाण, फिल्म ओढली की थेंब, बीज कधी टाकलं, खोलीचं तापमान, कड दिसायला किती मिनिटं लागली. माझ्या वहीत क जीवनसत्त्वाच्या पहिल्या अकरा स्लाइडपुढे ‘काही नाही’ असं लिहिलंय. बारावीपुढे ‘बीज ४:१०, कड ४:३२’. तेराव्या वेळी मी ४:२५ लाच आयपीसला डोळा लावून बसले होते.